गणित सोपे, गोष्ट अवघड

तुमच्या घरी पहिलीत शिकणारे एखादे भावंड आहे का? असल्यास मूठभर चिंचोके घ्या आणि त्याला ही तीन उदाहरणे तोंडी घाला.

१. रमाजवळ ८ बोरे होती. तिने ५ खाल्ली. किती उरली?
२. रमाजवळ ५ बोरे आहेत. ८ होण्यासाठी आणखी किती हवीत?
३. रमाजवळ ८ बोरे आहेत व बंडूजवळ ५. रमाजवळ बंडूपेक्षा किती बोरे जास्त आहेत?

तिन्हींचे उत्तर ३. आपण पाटीवर तिन्ही वेळा ८ – ५ असेच मांडतो. मुलाचे हात मात्र काय करतात ते पाहा. पहिल्या उदाहरणात ते बहुधा आठांतून पाच चिंचोके बाजूला सारील. दुसऱ्यात पाचांत एकेक भर घालील. म्हणजे आपली वजाबाकी ते बेरजेच्या वाटेने सोडवील! तिसऱ्यात काढायचे काही नाही आणि घालायचेही नाही. येथेच पुष्कळ मुले अडतात. कित्येक नुसतेच ‘आठ’ म्हणतात.

मग त्यांना वजाबाकी येत नाही असे समजायचे का? अमेरिकेतील टॉम हडसन यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहू. मुलांना काही पक्षी व त्यांहून कमी किडे असलेले चित्र दाखवून विचारले, “किड्यांपेक्षा पक्षी कितीने जास्त आहेत?” पहिलीतील ६४ टक्के आणि तिच्या आधीच्या वर्गातील अवघ्या २५ टक्के मुलांनी बरोबर उत्तर दिले. मग प्रश्न बदलला: “प्रत्येक पक्षी एकेक किडा पकडायला धावला, तर किती पक्ष्यांना किडा मिळणार नाही?” आता पहिलीतील सर्व आणि लहान वर्गातील ९६ टक्के मुलांचे उत्तर बरोबर आले! आकडे तेच होते. बदलली होती ती भाषा.

म्हणूनच ‘एकूण’ दिसले की बेरीज आणि ‘उरले’ दिसले की वजाबाकी, ही युक्ती घातक आहे. “रमाने ५ बोरे खाल्ली, ३ उरली, आधी किती होती?” येथे ‘उरली’ शब्द आहे, पण करायची आहे बेरीज.

तेव्हा चिन्हाची घाई नको. मुलाला आधी गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगू द्या, चिंचोके मांडू द्या. चिन्ह शेवटी लिहा. तिसऱ्या उदाहरणात अडलेल्या भावंडाला विचारा, “दोघांनी एकाच वेळी एकेक बोर खाल्ले, तर बंडूची संपल्यावर रमाजवळ किती राहतील?” ‘गणितात कच्चा’ ठरलेला तो मुलगा कदाचित चटकन ‘तीन’ म्हणेल.