ग्राइंडर कुठे फिरवावा, कुठे फिरवू नये

ग्रील, गेट, जिन्याचे कठडे ही कामे बहुधा किलोच्या भावाने घेतली जातात. लोखंड, रॉड, वीज, मजुरी हे सारे त्यात धरलेले असते. धरलेला नसतो तो ग्राइंडरचा वेळ. सांधे घासून गुळगुळीत करण्यात पुष्कळदा वेल्डिंगइतकाच वेळ जातो, आणि घासलेले लोखंड वजनातून उलट कमीच होते! म्हणून प्रत्येक सांधा चकाचक करण्याची सवय लहान कारखान्याला परवडत नाही. काम ओबडधोबड द्यावे असा याचा अर्थ मुळीच नव्हे.

वेल्डिंगला हात घालण्याआधी खडूने दोन प्रकारच्या खुणा कराव्यात. जो सांधा गिऱ्हाइकाच्या नजरेस किंवा हातास लागतो, उदा. गेटची रस्त्याकडची बाजू, कठड्याचा वरचा पाइप, त्याला एक खूण. ज्यावर भार येतो, उदा. बिजागरी, पाण्याच्या टाकीच्या स्टँडचे पाय, त्याला दुसरी. पहिल्या खुणेवर घासा. दुसऱ्या खुणेवर स्लॅग काढून तारेचा ब्रश मारा आणि ग्राइंडर खाली ठेवा. काटकोनातील सांध्याची ताकद त्या तिरप्या भरावातच असते. तो घासून सपाट केला की ताकदही गेली. पातळ चौकोनी पाइप फट न ठेवता टोकाला टोक लावून जोडले, तर वेल्डिंग पुष्कळदा आतपर्यंत पोहोचत नाही. मग वरचा भराव घासल्यावर उरतो तो नुसता पापुद्रा. त्यावर पुट्टी आणि रंग चढला की कोणास काही दिसत नाही. पण गेटला पोरे लोंबकळतात, हे विसरून कसे चालेल?

एकाच सांध्यावर दोन्ही खुणा आल्या तर? जोडताना थोडी फट ठेवून वेल्डिंग पूर्ण आत उतरवावे. मग वरून सपाट केले तरी बिघडत नाही. बिजागरी शक्यतो मागील बाजूस घ्यावी, म्हणजे हा प्रश्नच येत नाही.

जाड भराव म्हणजे मजबूत काम, हीही एक समजूत आहे. 6 मिलिमीटरचा भराव पुरेसा असताना 8 मिलिमीटरचा टाकला, तर धातू पावणेदोन पटीहून जास्त लागतो. रॉड गेला, वेळ गेला, आणि जास्त तापल्याने फ्रेम वाकडी झाली ती वेगळीच. पातळ कामास 6013 जातीचा अडीच मिलिमीटरचा कोरडा रॉड वापरावा. स्लॅग सहज सुटतो, रेघ साफ येते आणि पुष्कळदा घासावेच लागत नाही. पावसाळ्यात दमट झालेल्या रॉडने मात्र थेंब उडतात व काम वाढते.

मागील बाजू न घासली तरी स्लॅग तिथूनही निघालाच पाहिजे. स्लॅगवर रंग धरत नाही. कोकणात समुद्राकाठच्या घरांना असे ग्रील दिले, तर गंजाची तक्रार लवकरच दुकानावर येते.

भाव देतानाच चिठ्ठीवर लिहावे: ‘दर्शनी बाजू घासून, मागील बाजू ब्रश मारून.’ सर्व बाजूंनी फिनिशिंग हवे असेल, तर किलोचा भाव वेगळा लावावा.