आइसलंडांतील आमचे दहा दिवस

आपल्या स्नानगृहांतील गीझरचें नांव कोठून आलें, असा प्रश्न वाचक भगिनींना कधीं पडला आहे काय? मला तरी साठी उलटेपर्यंत पडला नव्हता. जून महिन्यांत आम्हीं उभयतां आइसलंडला गेलों, तेव्हां त्या नांवाचें मूळ दृष्टीस पडलें. तेथें 'गेयसिर' नांवाचा उष्णोदकाचा झरा आहे. त्यावरून तो शब्द इंग्रजींत व तेथून आपल्या घरांत शिरला. मूळ झरा हल्लीं क्वचितच उसळतो. परंतु शेजारचा 'स्ट्रोक्कुर' दर पांच-दहा मिनिटांनीं १५-२० मीटर उंच उडतो.

हें बेट आर्क्टिक वृत्ताच्या अगदीं उंबरठ्यावर आहे. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या तृतीयांश, वस्ती मात्र चार लाखांच्या आंतबाहेर. पोटांत अग्नि आणि माथ्यावर बर्फ! भूगर्भांतील ऊन पाण्यावर दहापैकीं नऊ घरें उबदार राहतात. लाउगरवात्न सरोवराच्या कांठीं तर राय नामक धान्याच्या पिठाचा पाव डब्यांत घालून ऊन वाळूंत २४ तास पुरतात आणि लोण्याबरोबर वाढतात. 'स्किर' म्हणून जो पदार्थ मिळतो, तो थेट आपला चक्का. मीं बरोबरची वेलदोड्याची पूड आणि साखर घालून त्याचें श्रीखंड केलें!

रात्र म्हणावी अशी होतच नाहीं. त्या दिवसांत रेक्याविकला सूर्य मध्यरात्रीं मावळतो आणि तीनच्या सुमारास उगवतो. सायंसंध्या केव्हां करावी ह्या विवंचनेंत ह्यांनीं आपलें घड्याळ पुण्याच्या वेळेवरच ठेवलें.

मोटार भाड्यानें घेऊन बेटाभोंवतींच्या सुमारें १,३०० किलोमीटरच्या रस्त्यानें जाण्याचा आमचा बेत होता. प्रथम थिंगव्हेल्लिरचें मैदान पाहिलें. इ. स. ९३० पासून ह्या लोकांची 'आल्थिंग' ही लोकसभा येथें उघड्यावर भरूं लागली. १९४४ सालीं प्रजासत्ताकाची घोषणाही येथेंच झाली. पुढें गुल्फॉस हा धबधबा. विसाव्या शतकाच्या आरंभीं त्यावर वीज उत्पन्न करण्याचा परदेशी भांडवलवाल्यांचा घाट होता. शेजारच्या शेतकऱ्याची कन्या सिग्रिदुर तोमासदोत्तिर हिनें त्याविरुद्ध वर्षानुवर्षें झगडा मांडला. त्यापायीं ती राजधानीपर्यंत पायीं जाई. वीजगृह झालें नाहीं. धबधब्यापाशीं तिची प्रतिमा कोरलेली आहे.

'तोमासदोत्तिर' हें आडनांव नव्हे; त्याचा अर्थ तोमासची मुलगी. पुत्र असता तर तोच 'तोमासोन' झाला असता. तेथें बहुतेकांना आडनांव नसतेंच, आणि विवाहानें स्त्रीचें नांव बदलत नाहीं. १९८० सालीं राष्ट्राध्यक्षपदीं निवडून आलेल्या विग्दीस फिनबोगादोत्तिर ह्याही जन्मभर फिनबोगींच्या कन्याच.

हें सारें मीं पुस्तकांत वाचलें होतें. त्याचा चटका बसला तो तिसऱ्या मुक्कामीं, वीक गांवाजवळच्या एका शेतघरांत. आमची नोंद करतांना वृद्ध घरधनीण थट्टेनें म्हणाली, "दोघांचें शेवटलें नांव एकच! बहीणभाऊ कीं काय?" मग तिनें माझें पूर्वीचें नांव विचारलें. मीं सांगितलें कीं, आमच्या घरीं आडनांवाबरोबर पहिलें नांवही बदललें; तबकांतील तांदुळांवर सोन्याच्या अंगठीनें ह्यांनींच नवें नांव रेखाटलें होतें.

तिनें लेखणी खालीं ठेवली. "मग तें जुनें नांव आतां कोणी घेत नाहीं?"

वडील गेल्यापासून कोणी नाहीं, असें माझ्या ओठांवर आलें होतें. इतक्यांत ह्यांनीं तें नांव उच्चारलें. ३८ वर्षांत प्रथमच. उच्चार जरा अडखळतच झाला. बाईंनीं तें लिहून घेतलें, पुढें माझ्या वडिलांचें नांव विचारून 'दोत्तिर' जोडलें, आणि वही माझ्याकडे वळवली. मी कितीतरी वेळ तीकडे पाहत राहिलें.

दुसऱ्या दिवशीं योकुल्सारलोन सरोवर पाहिलें. हिमनदीचे निळसर कडे तुटून पाण्यावर तरंगतात आणि समुद्राकांठच्या काळ्या वाळूवर येऊन पडतात. त्याचें वर्णन छायाचित्रांनींच करावें.

परततांना गाडींत बराच वेळ कोणी बोललें नाहीं. शेवटीं ह्यांनीं विचारलें, "तेव्हां राग आला होता काय तुला?"

"राग नव्हे," मीं म्हटलें. "पण माहेरच्या पत्रावर बाबांनीं चुकून जुनें नांव लिहिलेलें दिसलें, कीं तें पत्र मला चारचौघांत उघडवत नसे."

"मला कधीं बोलली नाहींस."

"अहो, आपण कधीं विचारलेंत?"

पुढल्या वळणावर मेंढ्यांचा कळप आडवा आला आणि गाडी थांबवावी लागली. मेंढ्या आपल्या संथपणें चालल्या होत्या. ह्यांनीं कर्णा वाजवला नाहीं; समोर पाहतच पुन्हां एकदां तें नांव घेतलें, ह्या खेपेस नीट.