सावली हरवते ती दुपार

पुण्यात 13 किंवा 14 मेला दुपारी साडेबाराच्या सुमारास गच्चीत जाऊन उभं राहा. आपली सावली आकसून पायांभोवती गोळा झालेली दिसेल. शेजारी सरळ काठी उभी असेल, तर तिला मिनिटभर सावलीच नसते. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच.

माझ्या पुतणीला मी हे सांगितलं तेव्हा तिनं लगेच विचारलं, "काका, सूर्य तर रोजच दुपारी डोक्यावर येतो ना?" तिचं काही चुकलं नव्हतं. आपण सगळेच तसं बोलतो. खरं म्हणजे वर्षातले बहुतेक दिवस आपला दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा दक्षिणेला झुकलेला असतो, आणि दिल्लीकरांच्या तर तो कधीच बरोबर डोक्यावर येत नाही.

पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, म्हणून वर्षभरात सूर्य मकरवृत्तापासून कर्कवृत्तापर्यंत जाऊन परत फिरतो. त्या वाटेत जे गाव लागतं, त्याच्या डोक्यावरून तो दोनदा जातो, एकदा जाताना आणि एकदा येताना. मे महिन्यात त्याची चाल जणू नकाशावर बोट फिरवून दाखवता येते. 2-3 मेला तो पणजीवर असतो, 6-7 मेला कोल्हापूरवर, 13-14 ला पुण्यावर, 15-16 ला मुंबईवर आणि 26 च्या आसपास नागपूरवर. म्हणजे दिवसाला साधारण पंचवीस किलोमीटर उत्तरेकडे. कर्कवृत्त जवळ आलं की ही चाल मंदावते आणि 21 जूनला जवळजवळ थांबते. परतीचा मुक्काम पुण्यावर जुलैच्या अखेरीस पडतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं. आपल्याकडे हा दिवस बघायचा तो मे महिन्यातच.

आम्ही गच्चीवर एक मीटरची काठी रोवली. फरशी सपाट आहे की नाही ते पाणसळीनं पाहिलं आणि काठी ओळंब्यानं सरळ केली. गवंड्याची ही दोन साधनं या प्रयोगाला पुरतात. मग रोज दुपारी सावलीच्या टोकाशी खडूची खूण. मार्चच्या विषुवदिनी सावली उत्तरेकडे 33 सेंटिमीटर होती. मेच्या मध्यापर्यंत ती काठीच्या बुंध्यात विरली. पुतणीला वाटलं, संपलं. मी तिला जूनमध्ये एखादी उघडीप मिळाली की पुन्हा ये म्हणालो. ती आली, आणि खूण काठीच्या पलीकडे पडली, दक्षिणेला! 21 जूनच्या सुमारास ती जेमतेम साडेआठ सेंटिमीटर असते, पण असते दक्षिणेलाच. पुण्यात जवळजवळ अडीच महिने दुपारची सावली अशी उलटीकडे पडते. इतकी वर्षं त्याच गच्चीवर वावरून मलाही ते कधी डोळ्यांनी दिसलं नव्हतं.

घड्याळात बारा वाजले म्हणजे मध्यान्ह झाली असं मात्र धरू नका. आपली भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची आहे. मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला, त्यामुळे तिथला सूर्य सरासरी 39 मिनिटं मागे. प्रमाणवेळ 1906 मध्ये आली, तरी मुंबईनं 1955 पर्यंत स्वतःची 'बॉम्बे टाइम' जपली. त्यातल्या हट्टाचा भाग सोडला, तर ती वेळ मुंबईच्या सूर्याच्या जास्त जवळची होती.

काठीच्या सावलीच्या या मोजणीसाठी आपल्याकडे जुना शब्द आहे, पलभा. बारा अंगुळांचा शंकू, म्हणजे सरळ काठीच, उभा करायचा आणि विषुवदिनी मध्यान्हीला त्याची सावली मोजायची, ती झाली त्या गावाची पलभा. पुण्यात ती 4 अंगुळं भरते. तेवढ्या एका आकड्यावरून गावाचा अक्षांश काढता येतो. यासाठी दुर्बीण लागत नाही, भिंगही लागत नाही. पूर्व-पश्चिम रेषाही याच शंकूनं काढत. त्याच्याभोवती वर्तुळ आखायचं, सावलीचं टोक सकाळी आणि दुपारनंतर त्याला जिथे शिवेल ते दोन बिंदू जोडायचे. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये 'सिद्धान्तशिरोमणी' रचला, तेव्हा शंकू हे ज्योतिषाचं रोजचं साधन होतं. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात, त्यांचा नातू चांगदेव यानं त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. पाटण पुण्याच्या उत्तरेला, म्हणून तिथली पलभा साडेचार अंगुळांच्या जवळ. मठातल्या विद्यार्थ्यांनीही अंगणात बसून ती मोजली असेल, असं मला फार मनापासून वाटतं.

एक शंका हमखास येते, तारीख एखाद्या दिवसानं चुकली तर? बिघडत नाही. एका दिवसाच्या फरकानं मीटरभर काठीची सावली चारेक मिलिमीटर होते, आणि सूर्याचं बिंबच अर्ध्या अंशाचं असल्यानं सावलीची कड मुळातच पुसट असते.

मे येईपर्यंत थांबायचीही गरज नाही. दिवाळीच्या सुट्टीत पुण्यात काठी उभी केलीत, तर मध्यान्ह 12 वाजून 20 मिनिटांच्या आसपास गाठता येईल. मेपेक्षा ती दहाएक मिनिटं लवकर, कारण पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला, म्हणून सूर्य वर्षभर घड्याळाच्या कधी पुढे तर कधी मागे राहतो. सावली अर्ध्या मीटरहून मोठी आणि सरळ उत्तरेला. खूण करून ठेवा. 22 डिसेंबरला ती 90 सेंटिमीटरपर्यंत लांबेल, आणि तिथून पुन्हा काठीकडे यायला लागेल.