वजन कमी करण्यासाठी स्पिरुलिना: उपयोग किती, जपायचे कुठे?

स्पिरुलिना म्हणजे निळसर-हिरवे सूक्ष्म शेवाळ. वाळवलेल्या स्पिरुलिनात निम्म्याहून अधिक प्रथिने असतात, हे जाहिरातीतले विधान खरे आहे. पण तुम्ही ती घेता किती? 500 मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या म्हणजे 3 ग्रॅम पावडर, आणि त्यातून मिळतात जेमतेम पावणेदोन ग्रॅम प्रथिने. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम असतात, तेही बरेच स्वस्तात.

मग वजनाचे काय? काही छोट्या अभ्यासांत स्पिरुलिना घेणाऱ्या स्थूल व्यक्तींचे वजन इतरांपेक्षा एक-दोन किलोने जास्त उतरले. हे अभ्यास बहुतेक काही आठवड्यांचेच होते. त्यामुळे आहार आणि व्यायाम सांभाळून घ्यायची असेल तर घ्या, त्यांच्याऐवजी नको. रोजच्या स्वयंपाकात तुमच्या वाट्याचे एक मोठा चमचा तेल कमी केले, तर सुमारे 120 कॅलरी वाचतात. गोळीकडून तेवढीही अपेक्षा ठेवू नका.

शाकाहारी मंडळींनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. स्पिरुलिनातून बी-12 मिळते असे डबीवर लिहिलेले असते, पण त्यातले बहुतांश बी-12 आपल्या शरीराला वापरताच येत नाही. त्या भरवशावर बी-12 च्या गोळ्या किंवा इंजेक्शन बंद केले, तर हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विसराळूपणा असे त्रास हळूहळू वाढतात. उशीर झाला तर नसांची हानी पूर्ण भरून येत नाही.

थायरॉइडचे रुग्ण मात्र वेगळ्याच शेवाळापासून जपून राहावेत. केल्पसारख्या समुद्री शेवाळात आयोडीन भरपूर असते. प्रौढ व्यक्तीला रोज 150 मायक्रोग्रॅम पुरते आणि आयोडीनयुक्त मिठातून आपल्याला ते मिळतच असते. त्यावर केल्पच्या गोळ्या घेतल्या, तर थायरॉइडचे काम बिघडू शकते. क्लोरेला या हिरव्या शेवाळात व्हिटॅमिन के असते. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी ते परस्पर सुरू करू नये.

ल्युपससारखा स्वयंप्रतिकार आजार असेल किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील, तर शेवाळाची पूरके टाळलेलीच बरी. फिनाइलकीटोन्युरिया असलेल्यांना स्पिरुलिना अजिबात चालत नाही. गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या मातांनीही ती घेऊ नये, कारण अस्वच्छ पाण्यात वाढलेल्या शेवाळात यकृताला घातक विषे आणि जड धातू येऊ शकतात. घराच्या टाकीतले किंवा तळ्यातले शेवाळ तर कोणीच खाऊ नये.

डबीवर एफएसएसएआयचा परवाना क्रमांक पाहा. गोळ्या सुरू केल्यावर उलट्या, अंगावर पुरळ किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला, तर त्या लगेच थांबवा आणि डॉक्टरांकडे जाताना डबी सोबत न्या.