मोबाईल आला, भाषेचे काय?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला सीमाभाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात डांबला गेला, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. त्याच दिवशी उज्जैन नव्या मध्य प्रदेशात गेले. हे गाव १८१० पर्यंत शिंद्यांची राजधानी होते. महाकालाचे मंदिर राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी पुन्हा उभारले. मराठी घरे तिथे आजही आहेत. मुले मात्र हिंदीतून शिकतात.

१९५७ साली विक्रम विद्यापीठ या नावाने स्थापन झालेल्या तिथल्या विद्यापीठात माळव्याच्या खेड्यापाड्यांतली मुले येतात. घरी माळवी, वर्गात हिंदी, वरच्या विषयांना इंग्रजी ग्रंथ. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि देशभरचे वर्ग मोबाईलवर गेले. तयारी कितपत होती? २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातील जेमतेम १५ टक्के घरांत इंटरनेट होते, संगणक ४.४ टक्के घरांत. हे आकडे सगळेच सांगतात. मला अडचण निराळी दिसते.

वर्गात शिक्षक काय करतो? समोरचा चेहरा कोरा दिसला की थांबतो आणि इंग्रजीतली तीच गोष्ट मुलाच्या भाषेत सांगतो. अभ्यासक्रमात याची कुठे नोंद नसते. पडद्यावरचा प्राध्यापक थांबत नाही. आणि शंका कुठल्या भाषेत विचारावी हेच न कळल्याने मुलगाही गप्प बसतो.

उज्जैनच्या मुलामागे निदान हिंदी आहे, हिंदीमागे सरकार आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशाने वैद्यकीय शिक्षणाची पहिल्या वर्षाची पुस्तकेसुद्धा हिंदीत आणली. आपला मुलगा दहावीपर्यंत मराठी शाळेत, पुढे कन्नड नाहीतर इंग्रजी. घटनेचे ३५० अ कलम मातृभाषेतून शिकवण्याची सोय करायला सांगते, तेही प्राथमिक शाळेपुरतेच.

केंद्राच्या 'स्वयम' या २०१७ च्या योजनेतील तंत्रशिक्षणाच्या काही पाठांचे मराठी अनुवाद झालेले आहेत. आपल्या किती मुलांना हे ठाऊक आहे? समितीच्या निवेदनांत आपण परिपत्रके, उतारे, फलक मराठीतून मागतो, आणि ते मागितलेच पाहिजेत. पण महाविद्यालयीन पाठांचे नाव त्या यादीत मी अजून पाहिलेले नाही. पुढच्या निवेदनात ते घालावे. तोवर गावच्या वाचनालयात संध्याकाळी मुलांनी एकत्र बसून पाठ पाहावेत. शेजारी गावातलाच एखादा पदवीधर असावा, मध्येच पाठ थांबवून मराठीत समजावून सांगायला.