श्रद्धेचा रकाना कोणी भरावयाचा?

जनगणनेच्या कामासाठी एटापल्ली तालुक्यातील एखाद्या टोल्यावर जाणारा प्रगणक बहुधा शाळेतला शिक्षकच असतो. घरातील माणसे, त्यांची वये, शिक्षण, व्यवसाय हे रकाने विनासायास भरले जातात. धर्माच्या रकान्यापाशी मात्र त्याचा हात थबकतो. समोरचा माडिया गृहस्थ पेनाची पूजा करतो, पंडुम झाल्याखेरीज नवे पीक तोंडी घालीत नाही, धर्मकृत्यासाठी गावच्या पेरम्याला बोलावतो. या साऱ्याला एका शब्दात काय म्हणावयाचे, हा प्रश्न त्याला स्वतःला कधी पडलेला नसतो. तो पडतो रकाना भरणाऱ्याला.

वरवर पाहता हा कारकुनी तपशील आहे. परंतु माणसाच्या श्रद्धेला नाव देण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाने सतराशे वर्षांपूर्वी एक साम्राज्य हादरले होते, आणि त्याच वादाची धग एकोणिसाव्या शतकात एका मराठी विदुषीलाही लागली होती. त्या दोन्ही प्रकरणांकडे आज पुन्हा पाहणे उपयुक्त ठरेल.

चौथ्या शतकाच्या आरंभी अलेक्झांड्रिया नगरीतील आरियस नावाच्या धर्मोपदेशकाने असे प्रतिपादन केले की, पुत्र हा पित्यापासून उत्पन्न झाला असल्यामुळे तो पित्यासारखा अनादी असू शकत नाही. तेथील बिशप अलेक्झांडर यांना हे मत पाखंडी वाटले. वाद विकोपास गेला. तेव्हा सम्राट कॉन्स्टंटाइनने इ. स. ३२५ मध्ये आजच्या तुर्कस्तानातील निकेया येथे बिशपांची परिषद भरविली. पुत्र व पिता हे 'होमोऊसिओस', म्हणजे एकाच तत्त्वाचे आहेत, असा निर्णय तेथे झाला. हा शब्द बायबलात कोठेही नाही, असा आक्षेप पुढे अनेक वर्षे घेतला गेला. ज्यांनी विश्वासांगीकारास संमती दिली नाही ते दोन बिशप आणि स्वतः आरियस यांना हद्दपारीची शिक्षा झाली.

हा वाद निव्वळ शब्दांचा होता असे म्हणून त्याची थट्टा करणे सोपे आहे, परंतु ते न्याय्य नव्हे. आपले तारण ज्याच्या हाती आहे तो ईश्वरच की ईश्वराने निर्मिलेला कोणी, हा भाविकाच्या दृष्टीने जिव्हाळ्याचाच प्रश्न होता. तथापि त्याची दुसरी बाजूही विसरता येत नाही. परिषदेस येणाऱ्या बिशपांच्या प्रवासाची व्यवस्था सरकारी खर्चाने झाली होती. कॉन्स्टंटाइनने धर्मोपदेशकांना नागरी कर्तव्यांच्या बोजातून सूट दिलेली होती. आणि ३२६ च्या एका कायद्याने ही सवलत केवळ अधिकृत पंथापुरती राखून ठेवली गेली. पाखंडी ठरलेल्यांना ती मिळावयाची नव्हती. उलट त्यांच्यावर हे बोजे लादावयाचे होते. अर्थात पुत्र अनादी की उत्पन्न, या प्रश्नाच्या उत्तरावर आता देणी आणि सवलती अवलंबून राहू लागल्या. धर्ममताला राज्याचा आश्रय लाभला की त्याला राज्याचा हिशेबही चिकटतो, तो असा.

राज्याने दिलेला निर्णय राज्य पालटते तसा पालटतो, याचाही प्रत्यय लवकरच आला. निकेयाच्या निर्णयाचा खंदा पुरस्कर्ता अथनेशियस ३२८ मध्ये अलेक्झांड्रियाचा बिशप झाला. पण निरनिराळ्या सम्राटांच्या कारकिर्दीत त्याला पाच वेळा आपले पीठ सोडून परागंदा व्हावे लागले. खुद्द कॉन्स्टंटाइनचा बाप्तिस्मा ३३७ मध्ये मृत्युशय्येवर झाला, आणि तो दिला आरियसचा पाठीराखा असलेल्या निकोमेडियाच्या बिशप युसेबियसने! अखेर सम्राट थिओडोसियसच्या काळात, ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत, निकेयाच्या मतावर पुनश्च शिक्कामोर्तब झाले. राजसत्तेपुढे मान न तुकविण्याचा मान केवळ पाखंडी ठरलेल्यांकडे जात नाही, तो अथनेशियसकडेही जातो, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे.

या अथनेशियसच्या नावावर पुढे एक विश्वासांगीकार रूढ झाला. तो त्याने रचलेला नाही. त्याच्यानंतर बऱ्याच काळाने तो लॅटिन भाषेत तयार झाला. त्रैक्याचा सिद्धान्त जसाच्या तसा न मानणाऱ्यास तारण नाही, अशी त्याची कठोर भूमिका आहे. इंग्लंडच्या चर्चने तो आपल्या प्रार्थनाग्रंथात ठेवला होता, आणि तेथेच त्याची गाठ पंडिता रमाबाईंशी पडली.

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. ज्या मठात त्या राहिल्या तेथील सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममार्गदर्शक होत्या. संस्कृत शास्त्रांत मुरलेली ही स्त्री नव्या धर्मात आली ती मुकाट्याने मान डोलावण्यासाठी नव्हे. ख्रिस्ताच्या वचनांवर आपली निष्ठा आहे, पण अथनेशियसच्या नावावरील तो विश्वासांगीकार आपण मान्य करू शकत नाही, हे त्यांनी स्पष्ट कळविले. त्रैक्याविषयीच्या आपल्या शंकाही त्यांनी लपविल्या नाहीत. क्रुसावर लॅटिन अक्षरेच का असावीत, संस्कृत का नसावीत, हा त्यांचा प्रश्नही याच वृत्तीतून आलेला होता. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्यांनी पुरुषांना शिकवावे की नाही, हा प्रश्न निघाला तेव्हा मुंबई व लाहोर येथील बिशपांनी प्रतिकूल मत दिले. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे साक्ष दिलेल्या, हिंदुस्थानात पुरुषांच्या सभांतून व्याख्याने दिलेल्या रमाबाईंना हा आपल्या स्वातंत्र्यावरील घाला वाटला. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याच्या जोखडात मान अडकविण्याची त्यांची तयारी नव्हती. हा सारा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केला आहे.

स्वदेशी परतल्यावर त्यांच्या वाट्याला काय आले? १८८९ मध्ये मुंबईत स्थापन झालेले शारदासदन पुढील वर्षी पुण्यास आले. तेथील काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा धर्मांतराच्या संशयावरून मोठे वादळ उठले. 'केसरी'ने टीकेची झोड उठविली, आणि १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीही सल्लागारपद सोडले. इंग्लंडमधील धर्मभगिनींना रमाबाई पुरेशा ख्रिस्ती वाटत नव्हत्या, पुण्यातील पुढाऱ्यांना त्या फार ख्रिस्ती वाटत होत्या. दोन्ही बाजूंच्या हाती आपापला रकाना तयार होता. रमाबाई मात्र त्या दोहोंत मावत नव्हत्या. त्यांनी अखेरपर्यंत आपलाच मार्ग चोखाळला. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्यांनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी ते काम त्यांनी हातावेगळे केले होते.

कोणत्याही धर्मसंस्थेला काही समान मताची चौकट लागते, हे मान्य केलेच पाहिजे. त्याशिवाय संस्था टिकत नाही. त्याचप्रमाणे वर्गीकरण केल्यावाचून राज्याची जनगणना होत नाही. परंतु चौकट सोयीसाठी असते. ती माणसाहून मोठी झाली की अन्याय सुरू होतो. ब्रिटिश काळातील जनगणनांत आदिवासींच्या धर्मासाठी निराळे वर्गीकरण होते, आणि तेही त्यांना विचारून केलेले नव्हते. स्वातंत्र्यानंतर ते गेले. २०११ च्या जनगणनेत सहा धर्मांना संकेतांक होते. बाकीच्यांनी 'इतर'मध्ये आपले नाव नोंदवावयाचे होते. तशा स्थितीतही देशभर सुमारे १० लाख २६ हजार लोकांची नोंद गोंड वा गोंडी धर्माचे म्हणून झाली. झारखंडच्या विधानसभेने २०२० मध्ये सरना धर्मासाठी स्वतंत्र संकेतांकाची मागणी करणारा ठराव केला. ही मागणी योग्य की अयोग्य, याविषयी आदिवासी समाजातही मतभेद असू शकतील. तो वाद त्या समाजाने करावा आणि त्यानेच मिटवावा.

बाहेरच्याचे काम त्याहून मर्यादित, पण अधिक अवघड आहे. प्रगणकाला दिलेली सूचना अशी होती की, कुटुंबाने जो धर्म सांगितला तोच नोंदवावा, त्याविषयी वाद घालू नये. निकेयाला सम्राटाने, वाँटेजला मठाने आणि पुण्याला सुशिक्षित पुढाऱ्यांनी जे पाळले नाही, ते पाळण्याची संधी एटापल्लीच्या शिक्षकाला दर जनगणनेत मिळते. घाई असते, दुसऱ्या टोल्याची वाट दूरची असते, आणि जवळच्या एखाद्या संकेतांकावर खूण करून मोकळे होणे सोपे असते. तथापि त्या एका रकान्यापुरता सम्राटाचा अधिकार त्याच्या हाती असतो. तो न वापरता, समोरच्या माणसाला त्याच्या भाषेत प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहणे, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित आहे.