परदेश मानलेली जमीन

मागे एका विधी महाविद्यालयाने मला मुलांशी बोलायला बोलावले. मी साधा बी.ए., कविता लिहिणारा माणूस. कायद्याच्या भाषेवर बोला म्हणाले. मी विषय घेतला 'सेझ', म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र.

सुरुवात आमच्या दादांपासून, म्हणजे आजोबांपासून केली. देगलूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. इंग्रजी मुलखातून माल आणायचा तर हद्दीवर करोडगिरीचा नाका लागे. जकात भरल्याशिवाय गाठोडे पुढे सरकत नसे. 'सेझ'भोवतीही असाच एक नाका असतो. २००५च्या कायद्याचे कलम ५३ सांगते की, ठरलेल्या कामांपुरते हे क्षेत्र भारताच्या सीमाशुल्क हद्दीबाहेरचे मानले जाईल. म्हणून कारखान्यासाठी बाहेरून आलेल्या यंत्रांवर आयातशुल्क नाही. उलट तिथला माल आपल्या बाजारात आणला, तर तो आयात समजून शुल्क लागते.

कांडल्याला १९६५ साली निर्यातीसाठी असे क्षेत्र सुरू झाले होते. १९८०नंतर चीनच्या शेन्झेनने परदेशी भांडवल खेचून दाखवले आणि आपल्याकडेही आशा वाढली. गुंतवणूकदाराला रस्ते, वीज, झटपट परवाने आणि करसवलत हवी असते. सरकारला परकीय चलन आणि रोजगार हवा असतो. कामगार कल्याणाच्या कायद्यांना मात्र या कायद्याच्या कलम ४९खाली बगल देता येत नाही.

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, जमीन परदेश मानली, तर सातबारा कोणाच्या नावावर?"

वर्ग हसला, मी हसलो नाही. खरा प्रश्न तोच होता. जमीन १८९४च्या भूसंपादन कायद्याने, 'सार्वजनिक प्रयोजन' म्हणून घेतली जाई. रायगड जिल्ह्यात महामुंबई सेझसाठी हेच चालले होते. शेतकरी म्हणाले, हेटवणे धरणाचे पाणी मिळणारी ही भाताची जमीन आहे. प्रा. एन. डी. पाटील त्यांच्यासोबत उभे राहिले. २१ सप्टेंबर २००८ रोजी २२ गावांत मतदान घेण्यात आले. कौल विरोधात होता. पुढे मुदतीत निवाडा झाला नाही आणि संपादन बारगळले. २०१३च्या कायद्याने खासगी कंपनीसाठी जमीन घेताना ८० टक्के, तर सरकार-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक केली. सरकारच्या स्वतःच्या प्रकल्पाला ही अट नाही.

कवितेत मीही ढगाला गाय मानतो. त्याने कोणाचे शेत जात नाही. कायद्यात 'मानले जाईल' हे शब्द आले की आपण विचारावे: कशापुरते, आणि कोणाला विचारून?

तास संपल्यावर ती मुलगी थांबली. घरच्या चार एकरांवर नोटीस आली होती. अब्बांच्या वयाचे तिचे वडील ती नुसती घडी करून ठेवतात म्हणाली. मी वकील नाही, एवढेच सांगितले, "बेटा, नोटीस कोणत्या कायद्याखाली आहे ते आधी वाच. हरकतीची मुदत त्यावरच ठरते. आणि ते आजच वाच."